आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल ‘राजकीय’ आहे का, हे तपासायचे कसे?

नेदरलँड्समधल्या हेग शहरातून निकाल आला की तासाभरात दोन वाक्ये कानावर पडू लागतात: ‘न्यायालय विकले गेले’ आणि ‘अखेर न्याय मिळाला’. निकाल उलटा लागला असता, तर हीच वाक्ये त्याच लोकांनी एकमेकांत बदलून घेतली असती. या गदारोळात ज्यांना खरोखर समजून घ्यायचे आहे त्यांची पंचाईत होते. कायद्याचे शिक्षण नाही, निकालपत्र इंग्रजीत, त्यात लॅटिन शब्द, आणि सुरुवात कुठून करायची हे सांगणारे कोणी नाही.

पक्षपात असतो का? असतो. पण बहुतेक लोक तो न्यायाधीशांच्या लेखणीत शोधतात आणि तिथे तो तुलनेने कमी सापडतो. खटला मुळात कोणावर चालवता येतो आणि आदेश निघाल्यावर तो पाळायला कोण लावतो, या दोन जागी तो ठळक दिसतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने तपासायला शिकवतात. कायद्याची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

हाताशी काय हवे

- निकालाची किंवा आदेशाची पूर्ण प्रत. प्रसिद्धीपत्रक किंवा सारांश चालणार नाही. अंतरिम आदेश साधारण वीस-तीस पानांचा असतो, अंतिम निकाल शंभर पानांच्या पुढेही जातो.
- न्यायाधीशांची स्वतंत्र आणि असहमतीची मते. ही बहुतेकदा वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि नवखे लोक ती उघडतच नाहीत.
- न्यायालयाचा मूळ कायदा. आयसीजेसाठी (आंतरराष्ट्रीय न्यायालय) त्याची 70 कलमांची संविधी, आयसीसीसाठी (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) 128 कलमांची रोम संविधी.
- खटला ज्या करारावर उभा आहे तो करार, आणि तो स्वीकारताना दोन्ही देशांनी घातलेल्या राखीव अटी.
- एक वही. तिच्यात चार रकाने आखा: न्यायालय, दार (म्हणजे खटला कोणत्या आधारावर दाखल झाला), टप्पा, मते.

हे सगळे न्यायालयांच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते.

1. आधी न्यायालय कोणते ते नक्की करा

हेगमधल्या तीन संस्थांची बातम्यांत सतत सरमिसळ होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणजे आयसीजे, हे संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे. तिथे 15 न्यायाधीश असतात आणि फक्त देश विरुद्ध देश असे खटले चालतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी, 1998 च्या रोम संविधीने जन्माला आले आणि 1 जुलै 2002 पासून अस्तित्वात आहे. तिथे 18 न्यायाधीश असतात आणि खटला व्यक्तींवर चालतो. ते संयुक्त राष्ट्रांचे अंग नाही. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत त्याचे सदस्य नाहीत. तिसरी संस्था कायमस्वरूपी लवाद न्यायालय. तिच्या नावात ‘न्यायालय’ असले तरी ती प्रत्येक वादासाठी वेगळे लवाद मंडळ बसवण्याची सोय करून देणारी संस्था आहे.

पहिला सापळा इथेच आहे. 12 जुलै 2016 रोजी दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपाइन्सच्या बाजूने निवाडा आला, तेव्हा तो ‘संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयाचा’ म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात तो समुद्र कायद्याच्या कराराखाली नेमलेल्या पाच सदस्यांच्या लवादाचा होता. चीनने भाग घ्यायलाच नकार दिल्यामुळे पाचपैकी चार सदस्य समुद्र कायदा न्यायाधिकरणाच्या तत्कालीन अध्यक्षांनी नेमले. ते अध्यक्ष जपानी होते आणि चीनने पक्षपाताचा आरोप केला तो यावरूनच. आरोप पटो न पटो, नेमणूक कोणत्या नियमाने झाली हे कळल्याशिवाय तो तोलता येत नाही. एक पक्ष गैरहजर राहिला की नेमणुकीचा अधिकार तिसऱ्याकडे जातो, ही तरतूद त्या करारातच आहे.

2. दार कोणी उघडले ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. देशातल्या न्यायालयात प्रतिवादीची संमती कोणी विचारत नाही. आयसीजेत मात्र संमतीशिवाय खटलाच उभा राहत नाही. ती संमती साधारण तीन वाटांनी येते: दोन्ही देशांनी मिळून वाद न्यायालयात नेणे, एखाद्या करारातले ‘वाद झाल्यास आयसीजेकडे जावे’ असे कलम, किंवा संविधीच्या कलम 36(2) खाली आधीच देऊन ठेवलेले घोषणापत्र. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी असे घोषणापत्र आज फक्त ब्रिटनचे आहे. चीनने आपले 1972 मध्ये काढून घेतले, फ्रान्सने 1974 मध्ये. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध भरलेल्या खटल्यात अधिकारक्षेत्राचा निर्णय विरोधात गेल्यावर अमेरिकेने 1985 मध्ये माघारीची नोटीस दिली. रशियाने ते कधी दिलेच नाही.

बलाढ्य देश क्वचितच कोर्टात उभे दिसतात, त्यामागे हेच मोठे कारण आहे. न्यायाधीशांनी सूट दिली म्हणून नव्हे, दाराची किल्ली त्या देशांच्याच खिशात आहे म्हणून. याला पक्षपात म्हणायचे तर जरूर म्हणा, पण तो व्यवस्थेच्या रचनेतला आहे. एखाद्या निकालावर त्याचे खापर फोडू नका.

दार अरुंद असले की खटल्याचा आकारही विचित्र होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन रशियाविरुद्ध आयसीजेत गेला तो 1948 च्या वंशसंहारविरोधी कराराच्या कलम 9 वरून, कारण आक्रमणाबद्दल थेट दाद मागायला दुसरे दारच नव्हते. युक्रेनचा युक्तिवाद असा: आम्ही वंशसंहार केला हा रशियाचा आरोप खोटा आहे आणि त्या खोट्या आरोपाच्या आधारे केलेले आक्रमण कराराचा भंग आहे. 2 फेब्रुवारी 2024 रोजी न्यायालयाने दुसरा भाग आपल्या अधिकाराबाहेर ठरवला आणि युक्रेनने वंशसंहार केला की नाही एवढाच प्रश्न शिल्लक ठेवला. ‘न्यायालयाने रशियाला सोडले’ असे ओरडण्याआधी करार उघडा. बळाचा वापर कायदेशीर आहे का, हा प्रश्न त्या करारात बसतो का? न्यायालयाचे उत्तर ‘नाही’ असे होते.

1999 मध्ये भारताने पाकिस्तानचे विमान पाडले, त्या प्रकरणाचेही असेच. 21 जून 2000 रोजी न्यायालयाने 14 विरुद्ध 2 मतांनी अधिकारक्षेत्र नाकारले, कारण राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद भारताने आपल्या घोषणापत्रातून वगळून ठेवले होते. विमान पाडणे योग्य की अयोग्य यावर न्यायालय एक शब्दही बोललेले नाही.

आयसीसीची दारेही तीन आहेत: सदस्य देशाने प्रकरण पाठवणे, सुरक्षा परिषदेने पाठवणे, किंवा अभियोक्त्याने (तपास करून खटला चालवणाऱ्या अधिकाऱ्याने) स्वतःहून न्यायाधीशांची परवानगी मागणे. पहिल्या आणि तिसऱ्या दारासाठी गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा लागतो किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. सदस्य नसलेला देशही खास घोषणापत्र देऊन अधिकार मान्य करू शकतो. युक्रेनने सदस्य होण्याआधी तेच केले होते. म्हणून ‘रशिया सदस्य नाही, मग पुतिन यांच्यावर वॉरंट कसे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘गुन्ह्याची जागा युक्रेन’ असे सरळ आहे. इस्रायलच्या बाबतीत हाच मुद्दा जास्त वादग्रस्त आहे, कारण तिथे पॅलेस्टाइन 2015 मध्ये सदस्य झाले आणि न्यायाधीशांनी फेब्रुवारी 2021 मध्ये बहुमताने त्याच्या भूमीवर अधिकार मान्य केला. टीका करायची तर त्या 2021 च्या निर्णयाशी भिडा. खरा कायदेशीर प्रश्न तिथे आहे.

3. खटल्याचा टप्पा ओळखा

एकाच खटल्यात अनेक निर्णय येतात आणि त्यांचे वजन सारखे नसते. अंतरिम आदेश खटला संपेपर्यंत नुकसान थांबवण्यासाठी असतो. अधिकारक्षेत्राचा निर्णय खटला चालवता येईल का एवढेच सांगतो. दोष कोणाचा हे फक्त अंतिम निकालात ठरते. याशिवाय सल्लागार मत असते. ते संयुक्त राष्ट्रांच्या संस्था मागतात, त्यात वादी-प्रतिवादी नसतात आणि ते बंधनकारक नसते.

दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल खटल्यातल्या 26 जानेवारी 2024 च्या आदेशात ‘प्लॉझिबल’ (सकृद्दर्शनी पटण्याजोगा) हा शब्द आला आणि जगभर ‘वंशसंहार शक्य असल्याचे न्यायालय म्हणाले’ अशा बातम्या झळकल्या. आदेशातले वाक्य हक्कांबद्दल आहे. वंशसंहारापासून संरक्षण मिळण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क आणि तो मागण्याचा दक्षिण आफ्रिकेचा हक्क प्रथमदर्शनी टिकणारा आहे, एवढेच तिथे म्हटले आहे. तेव्हाच्या अध्यक्ष जोन डोनोह्यू यांनी निवृत्तीनंतर एप्रिल 2024 मध्ये एका मुलाखतीत हा खुलासा जाहीरपणे केला. हा आदेश ‘निर्दोष सोडले’ असेही म्हणत नाही आणि ‘दोषी धरले’ असेही नाही. दोन्ही बाजूंनी त्याचा गैरवापर केला आहे.

4. शेवटून वाचायला लागा: मतांचा परिच्छेद

आयसीजेच्या कोणत्याही निर्णयाचा शेवटचा मोठा परिच्छेद उघडा. प्रत्येक मुद्द्यापुढे किती विरुद्ध किती मते आणि खाली न्यायाधीशांची नावे दिलेली असतात. मते गुप्त नसतात, हा या न्यायालयाचा मोठा गुण. नावांपुढे नागरिकत्व स्वतः लिहा, मग चित्र दिसायला लागते.

कुलभूषण जाधव या भारतीयाला पाकिस्तानने सुनावलेल्या फाशीबद्दल भारताने भरलेल्या खटल्याचा 17 जुलै 2019 चा निकाल हातात घ्या. शेवटच्या परिच्छेदात आठ मुद्दे आहेत. पहिला, म्हणजे न्यायालयाला अधिकार आहे हा, एकमताने. बाकीचे 15 विरुद्ध 1 मतांनी. विरोधातले ते एक मत पाकिस्तानने फक्त या खटल्यापुरत्या नेमलेल्या अ‍ॅड हॉक न्यायाधीशाचे. चीनच्या न्यायाधीश बहुमतात आहेत. ‘चीनचा न्यायाधीश पाकिस्तानकडून मत देणार’ हे भाकीत इथेच पडते. आता मागे जाऊन भारताने काय मागितले होते ते वाचा. शिक्षा रद्द करावी, सुटका करावी, सुखरूप भारतात पाठवावे. यातले काहीही न्यायालयाने दिले नाही. वकिलातीचा संपर्क नाकारून व्हिएन्ना कराराचे कलम 36 मोडले असे ठरवून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितले आणि तोवर फाशी थांबवली. दोन्ही देशांत विजय साजरा झाला, आणि तो का झाला हे मागणी आणि आदेश शेजारी-शेजारी लिहिल्याशिवाय कळत नाही.

2024 च्या त्या इस्रायलविषयक आदेशात सहा उपाय आहेत. चार 15 विरुद्ध 2 मतांनी, दोन 16 विरुद्ध 1 मताने. युगांडाच्या न्यायाधीश ज्युलिया सेबुटिंडे सगळ्यांच्या विरोधात आहेत. इस्रायलने नेमलेले अहरोन बराक चार ठिकाणी विरोधात आहेत, पण चिथावणी रोखणे आणि मानवतावादी मदत पोचवणे या दोन उपायांच्या बाजूने आहेत. अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स, जर्मनी आणि भारत या देशांचे न्यायाधीश सहाही ठिकाणी बहुमतात. सेबुटिंडे यांचे मत ही देशाची भूमिका नाही, असे युगांडाच्या सरकारने लगोलग जाहीर केले.

याउलट नमुनाही सापडतो आणि तो लपवू नये. 16 मार्च 2022 रोजी रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगणारा आदेश 13 विरुद्ध 2 मतांनी निघाला, आणि ती दोन मते रशियाच्या व चीनच्या न्यायाधीशांची होती. 1986 च्या निकाराग्वा निकालात बळाच्या वापराच्या मुद्द्यावर विरोधात गेलेल्या तिघांत अमेरिकेचे न्यायाधीश होते. आपल्या देशाचा खटला असेल तर न्यायाधीश बहुतेकदा देशाकडे झुकतो, हे मान्य करूनच पुढे जा. नियम करणाऱ्यांनीही ते मान्य केले होते. म्हणून तर कलम 31 नुसार ज्या पक्षाचा न्यायाधीश बाकावर नाही त्याला एक अ‍ॅड हॉक न्यायाधीश नेमता येतो. दोन्ही झुकाव एकमेकांना खोडतात आणि निर्णय उरलेल्यांच्या हाती राहतो. त्यामुळे तुमच्या मोजणीत दोन्ही पक्षांच्या देशांचे न्यायाधीश बाजूला काढा आणि उरलेले कसे विभागले ते बघा. प्रदेशानुसार किंवा लष्करी गटानुसार सरळ रेघ पडली, तर शंकेला जागा आहे.

अशी शंका 1966 मध्ये साऱ्या आफ्रिकेला आली होती. इथिओपिया आणि लायबेरियाने नैऋत्य आफ्रिकेबद्दल (आजचे नामिबिया) दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भरलेल्या दाव्यात मते 7-7 अशी पडली आणि ऑस्ट्रेलियाच्या अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला गेला. चार वर्षांआधी याच न्यायालयाने 8 विरुद्ध 7 मतांनी हा खटला चालवता येतो असे म्हटले होते. मधल्या काळात बाकावरची माणसे बदलली, एक न्यायाधीश वारले, एक आजारी होते, एक खटल्यात बसले नाहीत. बाकाची रचना निकाल कसा फिरवते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही. नवस्वतंत्र देशांनी नंतरची अनेक वर्षे या न्यायालयाकडे पाठ फिरवली, ते उगाच नाही.

5. न्यायाधीश तिथे पोचले कसे

आयसीजेच्या न्यायाधीशाला आमसभा आणि सुरक्षा परिषद या दोन्हीकडे स्वतंत्रपणे पूर्ण बहुमत मिळवावे लागते. परिषदेत 8 मते लागतात आणि या निवडणुकीत नकाराधिकार चालत नाही. मुदत 9 वर्षे, दर तीन वर्षांनी 5 जागा. मतांसाठी देशादेशांत देवाणघेवाण होते, हे उघड आहे. पाच कायम सदस्यांना एकेक जागा मिळण्याचा अलिखित रिवाज होता, पण 2017 मध्ये भारताचे दलवीर भंडारी पुन्हा निवडून आले आणि ब्रिटनने माघार घेतली. 2023 मध्ये रशियाचा उमेदवार हरला.

सापळा: ‘हा न्यायाधीश पूर्वी राजदूत होता, म्हणजे पक्षपाती.’ कलम 17 त्याच प्रकरणात आधी भूमिका बजावलेल्या व्यक्तीला बसू देत नाही. आधीची सरकारी नोकरी एवढ्याने अपात्रता येत नाही. 2004 मध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी भूमीत बांधलेल्या भिंतीबद्दलच्या सल्लागार मतावेळी इस्रायलने इजिप्तच्या न्यायाधीशावर हरकत घेतली. न्यायालयाने ती 13 विरुद्ध 1 मताने फेटाळली. विरोधात गेलेल्या अमेरिकी न्यायाधीशाचे छोटे मत जरूर वाचा. पक्षपाताची शंका नुसती दिसणे पुरे की ती सिद्ध व्हावी लागते, यावरचा प्रामाणिक मतभेद त्यात आहे. न्यायालयाची कसोटी फार सैल आहे, ही टीका योग्य आहे.

6. तुलना करताना जोडी जुळवा

‘अमुकावर कारवाई, तमुकावर का नाही?’ हा सगळ्यात जोरकस आरोप असतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतोही. दोन प्रकरणांत दार, टप्पा आणि पुराव्याची पातळी सारखी आहे का, ते आधी पाहा. कोण किती खटले जिंकला याची टक्केवारी काढू नका. खटले संमतीने येतात, ते सरसकट नमुना नसतात.

‘आयसीसी फक्त आफ्रिकेच्या मागे लागते’ हा आरोप घ्या. सुरुवातीची प्रकरणे सगळी आफ्रिकेतली होती हे खरे. बाहेरचा पहिला तपास जॉर्जियात, तोही 2016 मध्ये. पण युगांडा, काँगो, मध्य आफ्रिका आणि माली यांनी आपली प्रकरणे स्वतः पाठवली होती. सुदानमधल्या दारफूरचे (2005) आणि लिबियाचे (2011) प्रकरण सुरक्षा परिषदेने पाठवले. अभियोक्त्याने स्वतःहून उघडलेले पहिले प्रकरण केनियाचे. एवढे कळल्यावर आरोप मोडीत निघत नाही, पण त्याची जागा बदलते. दारफूर आणि लिबियाचे ठराव क्रमांक 1593 आणि 1970 शेवटपर्यंत वाचा. तिथल्या आंतरराष्ट्रीय मोहिमांत सामील होणाऱ्या, आयसीसीचे सदस्य नसलेल्या इतर देशांच्या नागरिकांना त्या ठरावांतच आयसीसीच्या अधिकारातून वगळलेले आहे. सीरियाचे प्रकरण पाठवण्याचा ठराव मे 2014 मध्ये आला तेव्हा रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. निवडकपणा इथे लिखित स्वरूपात आहे आणि तो सुरक्षा परिषदेचा आहे.

7. आदेशानंतर काय झाले ते शोधा

आयसीजेचा निकाल पाळला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 94 नुसार सुरक्षा परिषदेकडे जायचे. 1986 मध्ये निकाराग्वा गेला आणि अमेरिकेने ठराव नकाराधिकाराने पाडला. आयसीसीकडे पोलीस नाहीत, अटक सदस्य देशांनीच करायची. 2015 मध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर दक्षिण आफ्रिकेतून आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुतिन मंगोलियातून अटक न होता परतले. दोन्ही देशांनी कर्तव्यात कसूर केली असे न्यायालयाने म्हटले. आता वहीत दबावाचा पाचवा रकाना आखून भरा: 2020 मध्ये अमेरिकेने आयसीसीच्या तेव्हाच्या अभियोक्त्यांवर निर्बंध लादले, 2025 मध्ये पुन्हा तेच झाले.

8. आरोप तीन वाक्यांत लिहून काढा

पहिले वाक्य: कोणत्या न्यायालयाने, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या तारखेला नेमके काय केले. दुसरे: तसाच प्रश्न दुसरीकडे कसा हाताळला गेला. तिसरे: फरकाचे कायदेशीर कारण काय दिले गेले आणि ते अपुरे का वाटते. तिसरे वाक्य लिहिता आले नाही तर आरोप अजून कच्चा आहे, पायरी 2 वर परत जा.

जमलेला आरोप असा दिसतो: ‘अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्यासह सर्व पक्षांच्या कथित गुन्ह्यांचा तपास करायला आयसीसीच्या अपील कक्षाने 5 मार्च 2020 रोजी परवानगी दिली, पण सप्टेंबर 2021 मध्ये नव्या अभियोक्त्यांनी तालिबान आणि इस्लामिक स्टेटवर लक्ष केंद्रित करून उरलेल्यांचा तपास मागे ठेवण्याचे जाहीर केले. युक्रेनमध्ये तपास सुरू झाल्यापासून सुमारे एका वर्षात, मार्च 2023 मध्ये, एका राष्ट्राध्यक्षावर वॉरंट निघाले. साधनसामग्री मर्यादित आहे आणि तालिबान व इस्लामिक स्टेटचे गुन्हे जास्त गंभीर आहेत, असे कारण अभियोक्त्यांनी दिले. पण मागे ठेवल्या गेलेल्यांत तो पक्ष आहे ज्याने वर्षभरापूर्वी याच कार्यालयावर निर्बंध लादले होते, त्यामुळे दबावाखाली निर्णय झाला ही शंका या कारणाने दूर होत नाही.’

यात न्यायाधीशांवर एक शब्द नाही, कारण परवानगी न्यायाधीशांनीच दिली होती. बोट अभियोक्त्याच्या कार्यालयाकडे आणि एका ठरावीक तारखेकडे आहे. अशा आरोपाला उत्तर द्यायचे तर समोरच्यालाही कागद उघडावे लागतात.